दोन प्रतिसाद

"मॅडम, हे दोन प्रतिसाद वगळले तर चालेल का?" माझ्या एका विद्यार्थिनीने आज दुपारी अगदी सहजपणे विचारले. तिच्या विश्लेषणात पी-मूल्य (खरा परिणाम नसतानाही निदान इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०६ आले होते आणि त्या दोघांना वगळले की ते ०.०४ होत होते.

कारण विचारल्यावर ती म्हणाली, "ते बाकीच्यांसारखे नाहीत."

ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. ज्यांनी वेळ काढून चाळीस प्रश्नांची उत्तरे दिली, ती माणसे केवळ आपल्या गृहीतकाला सोयीची नाहीत म्हणून वगळायची? वगळण्याचे निकष उत्तरे हाती येण्यापूर्वी लिहून ठेवले असते, तर गोष्ट वेगळी होती.

पी-मूल्य ०.०५ च्या खाली असेल तरच निष्कर्ष सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग नसलेला, मानायचा; ही रेषा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. तिचा उंबरठा आपण केला. मानसशास्त्रातील १०० अभ्यासांच्या पुनरावृत्तीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थ निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत मात्र ३६ टक्क्यांतच.

मी तिला ०.०६ तसेच नोंदवायला सांगितले. परंतु परीक्षक ते स्वीकारतील, ही खात्री मी तिला कशाच्या आधारावर द्यावी?