लोंबणारा सायलेन्सर घरीच नीट बसवताना

गतिरोधकावरून जाताना गाडीच्या मागच्या भागातून खडखडाट ऐकू येऊ लागला, तर बहुतेक वेळा सायलेन्सर नव्हे, तर त्याला तोलून धरणारे रबर निकामी झालेले असते. गाडीच्या तळाशी असलेल्या आकड्यांमध्ये अडकवलेली ही रबरे उष्णतेने कडक होऊन चिरतात, आणि एक तुटले की सगळा भार उरलेल्या रबरांवर व नळीच्या जोडावर येतो. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये असे मला मनापासून वाटते.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, सपाट जागी, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावूनच गाडी उचलावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. भक्कम स्टँड हवेतच. सायलेन्सरला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन, आकड्यावर साबणाचे पाणी लावले की जुने रबर सहज निघते आणि नवे चढवता येते.

वाटेतच रबर तुटले, तर लोखंडी तारेने बांधून घरापर्यंत यावे. नायलॉनची दोरी उष्णतेने वितळते. तारही कायमची ठेवू नये, कारण रबर जी थरथर शोषून घेते ती तारेमुळे थेट गाडीच्या सांगाड्यात उतरते.

जोडाजवळ काजळीचे काळे डाग दिसले, तर तेथून धूर गळतो आहे असे समजावे. त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. अशा वेळी क्लॅम्प, म्हणजे जोड आवळून धरणारी पट्टी, बदलावा. पत्राच गंजून भोक पडले असेल, तर वेल्डिंगवाल्याकडेच जावे.