परात, पास्ता आणि कुरडयांचा चीक

आमचा लेक तीन वर्षांचा झाला तरी ओल्या वस्तूला हात लावत नव्हता. वरण-बट्टीचं ताट समोर आलं की दोन्ही हात पाठीमागे. बोटाला वरणाचा थेंब लागला तर हात ताठ धरून रडायचा, मी पुसून देईपर्यंत. खाणं म्हणजे कोरडी पोळी, मुरमुरे आणि बिस्किटं. घरातले म्हणायचे, नाजूक आहे, मोठा झाला की खाईल. मला ते पटेना. शेवटी चोपड्याहून एसटीने जळगाव गाठलं.

तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे खाणं-खेळणं अशा रोजच्या गोष्टी मुलांना जमाव्यात म्हणून उपचार करणाऱ्या बाई, बराच वेळ त्याच्याशी नुसत्या खेळल्या. मग म्हणाल्या, हा हट्ट नाही. ओला, चिकट स्पर्श आपल्याला साधा वाटतो, त्याला तो सोसत नाही. बळजबरी अजिबात करायची नाही. आधी कोरडं, मग ओलसर, मग चिकट. तो आपणहून पुढे येईल तेव्हाच पुढची पायरी. त्यासाठी त्यांनी पास्ता सुचवला. कोरडा असताना खडखडीत, शिजला की बुळबुळीत, म्हणजे एकाच वस्तूत सगळ्या पायऱ्या.

मी घाई केली. दुसऱ्याच दिवशी अख्खं पाकीट शिजवलं, परातीत ओतलं आणि त्याचा हात धरून आत घातला. जे करू नका म्हणून बजावलं होतं, नेमकं तेच. तो किंचाळला, त्याला उमासे आले. पुढचे आठ दिवस स्वयंपाकघरात परात वाजली तरी बाहेर पळायचा. आमच्याकडच्या मार्चच्या उन्हात संध्याकाळपर्यंत त्या पास्त्याचा गोळा होऊन आंबूस वास सुटला होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तो गोळा उचलून त्यांनी परसातल्या खड्ड्यात पुरला. ज्या घरात ताटात शीत टाकलेलं चालत नाही, तिथे माझ्या हातून हे झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग कोरड्यापासून सुरुवात केली. स्टीलच्या डब्यात अर्धी वाटी मॅक्रोनी, एक पळी, दोन वाट्या. खाली जुनी चादर. मी शेजारी बसून स्वतःच खेळत राहिले, त्याला बोलावलं नाही. पळीतून वाटीत पास्ता पडतानाचा तो खळ्‌ आवाज ऐकून तिसऱ्या दिवशी तो आला आणि पळी मागितली. पुढे तासन्‌तास ओतणं चाललं. पायजम्याच्या नाडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून दिली, तर मॅक्रोनी ओवून माळ केली आणि आजोबांच्या गळ्यात घातली. तीच अर्धी वाटी दीड महिना पुरली. एक गोष्ट मात्र जपायची. कच्चा पास्ता कडक असतो, घशात अडकू शकतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तो देऊच नये, मोठ्या मुलाजवळही आपण बसून राहावं. स्पॅगेटी मोडली की टोकं टोचतात, ती मी आणलीच नाही. आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हा खेळ चालणार नाही.

एक दिवस सासूबाई जवळ येऊन बसल्या. "हाई काय से वं?" म्हणत त्यांनी शंखाच्या आकाराचा एक दाणा उचलला, उलटसुलट करून पाहिला. "ह्या तर आपल्या शंखुल्या!" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बारीक रवा दुधात भिजवून मळला आणि लेकासमोर वळवट, म्हणजे खिरीत घालायचे हाताने वळलेले पिठाचे बारीक आकार, करायला बसल्या. चिमटीत पिठाचा कण धरून गव्हला वळायचा, नखाने दाबून नखुली. तो दूर बसून बघत होता. ओल्या पिठाजवळ आला नाही, पण सकाळी सुपात वाळलेले गव्हले त्याने मुठीत घेतले. त्या दिवसापासून हा खेळ सासूबाईंचाही झाला.

शिजवलेल्या पास्त्याची वेळ आली तेव्हा मूठभरच शिजवला. निथळून गार पाण्याने धुतला, म्हणजे वरचा स्टार्चचा थर जातो आणि गोळा होत नाही, मग चमचाभर तेल चोळलं. खेळ संपला की लगेच टाकायचा, उन्हाळ्यात तो ठेवू नये. हाताऐवजी पोळीचा चिमटा दिला. दहा-बारा दिवस त्याने चिमट्यानेच उचलला, मी थांबले.

मग हळदीच्या पाण्यात शिजवलेला पिवळा पास्ता केला. एका वाटीत खायच्या सोड्याचं पाणी, दुसरीत लिंबाचा रस. पिवळा तुकडा सोड्यात पडला की लालसर होतो, लिंबात टाकला की परत पिवळा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तेच हे. लेकाचे डोळे एवढे मोठे झाले. पुन्हा, पुन्हा. चिमट्यातून तुकडा घसरत होता, आणि त्याला घाई झाली होती. त्याने चिमटा खाली ठेवला. अंगठा आणि तर्जनीने एक निसरडा तुकडा उचलला आणि सोड्याच्या पाण्यात सोडला. मग आपली बोटं बघितली. ती ओली होती, पिवळी होती. माझ्या मांडीवर ओला टॉवेल तयार होता. त्याने टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा तुकडा उचलला. मी श्वास रोखून बसले होते. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मे महिन्यात गच्चीवर कुरडयांचं काम निघालं. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, चीक खाली बसला होता. पहाटे उठून चुलीवर तो घोटला. सासूबाई सोऱ्या धरून प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होत्या. लेक झोपेतून उठून थेट वर आला. त्यांनी वाटीत चीक घालून वर साखर टाकली, निवू दिला आणि सोबत चमचा दिला. त्याने चमचा कागदाच्या कडेला ठेवला आणि वाटीत बोट बुडवलं.