गच्चीवरचा संशयकल्लोळ

गणपतीत आमच्या गिरगावातल्या चाळीत दहाही दिवस काही ना काही असायचंच. लिंबू-चमचा, पाककृती, एका रात्री भजनीमंडळ, एका रात्री पडद्यावर सिनेमा. पण सगळ्यांचा जीव अडकलेला असायचा तो गौरी गेल्यावर होणाऱ्या नाटकात. आषाढ लागला की पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पेटी यायची, आणि मग ज्याच्या घरी तालमीचा चहा असेल त्याच्या घरची साखर संपायची.

1979 साली ‘संशयकल्लोळ’ घेतलं. नाटककार गो. ब. देवलांनी 1893 मध्ये ते ‘फाल्गुनराव’ म्हणून गद्यात लिहिलं होतं. पदं घालून 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं, पण त्याच वर्षी देवल गेले. मूळ घोटाळा फ्रेंच नाटककार मोलिएरचा, 1660 सालचा, इंग्रजीतून फिरत फिरत आपल्याकडे आलेला. हे सगळं आम्हाला तात्यांनी सांगितलं. तात्या म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. चाळीतल्या बायका स्टेजवर यायच्या आधीच्या काळात नायिकेची कामं तेच करायचे, आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही तेच घ्यायचे.

मी कृत्तिका, म्हणजे फाल्गुनरावांची बायको. रेवतीला भर रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात, ते मी खिडकीतून बघते. मग तिच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर मला सापडते, आणि ती माझ्या हातात बघून नवऱ्याचं डोकं फिरतं. एवढीशी वस्तू आणि दोन संसारांना आग! आमच्या तसबिरीची चौकट तात्यांच्या घरच्या दत्ताची होती. दत्तगुरू महिनाभर फडताळात.

चाळीत गाणारा नायक नव्हता म्हणून अश्विनशेठ बाहेरून आणलेले. बँकेत नोकरी, तलम झब्बा, गळा खरंच गोड. तालमीला येताना कागदाच्या पुडीत सोनचाफा आणायचे. एकदा जिन्यात रेवती मला म्हणाली, “कुणाला सांगू नकोस हं, पण ते म्हणतात माझ्या डोळ्यांत त्यांना खरी रेवती दिसते.” मी म्हटलं, “अगं, माझ्याही दिसते!” रोहिणीला विचारलं तर तिच्याही. तिघींच्या पाकिटांत सुकलेला सोनचाफा निघाला. रेवतीला आधी रडू आलं, मग माझा राग आला, आणि शेवटी हसू.

बेत तिचाच. नाटकात भादव्या हा फाल्गुनरावांचा गडी, इकडचं तिकडे करणारा. आमचा भादव्या दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा पोरगा. त्याच्याच हाती चिठ्ठी धाडली: रात्री नऊ, गच्ची, एकट्यानं. आणि रेवती म्हणून बसायला आम्ही तात्यांना गळ घातली. म्हटलं, रागावतील. कसले रागावतात! “पदर कुठवर घेऊ?” एवढंच विचारलं. मिशी काढायला मात्र तयार झाले नाहीत.

गच्चीवर पत्र्याखाली चादरी वाळत घातलेल्या. त्यांच्यामागे आम्ही सहाजणी, पावसाची पिरपिर, आणि टाकीच्या कडेला पाठमोरी, हनुवटीपर्यंत पदर ओढलेली रेवती. अश्विनशेठ आले. हातात फूल. गुडघ्यावर बसले आणि सरळ नाटकातलंच भाषण सुरू केलं. गृहस्थाकडे स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. पण घाबरलेला माणूस, चौथ्या वाक्याला अडखळला. एकदा थांबला, दोनदा थांबला.

आणि पदराखालून, तीस वर्षांच्या सवयीनं, दबक्या आवाजात पुढचा शब्द आला.

अश्विनशेठनी तो घेतलासुद्धा! अर्धं वाक्य पुढे गेले आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या हातातलं फूल थेट टाकीच्या पाण्यात पडलं. चादरीमागे आम्ही तोंडात पदर कोंबून उभ्या, तेवढ्यात जिन्याच्या दारातून तात्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज: “माझा लग्नातला शालू कुठल्या भवानीनं नेसलाय?” तात्यांनी त्यांना न विचारताच ट्रंकेतून काढलेला. समोर परका पुरुष गुडघ्यावर, पुढ्यात आपला शालू. काकू तरातरा पुढे आल्या आणि पदर ओढला. आत मिशी.

“मी गं,” तात्या म्हणाले.

काकू पुढे आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवरा गच्चीवर होता म्हणून नाही, शालूच्या काठाला शेवाळ लागलं म्हणून.

अश्विनशेठ दुसऱ्या दिवशी तालमीला येणार नाहीत असं धरूनच चाललो होतो. आले. सोनचाफ्याशिवाय. तिघींनाही ‘ताई’ म्हणू लागले, त्यामुळे रेवतीची पंचाईत झाली, कारण प्रेमाच्या प्रवेशातही एकदा त्यांच्या तोंडून ‘ताई’ निघालं.

प्रयोगाच्या रात्री चौक भरलेला, गॅलऱ्यांच्या कठड्यांवर माणसं. नांदी झाली, पहिलं पद रंगलं, वन्स मोअर मिळाला. माझा तसबिरीचा प्रवेश उतरला, टाळ्याही पडल्या. पण पुढे एका जागी अश्विनशेठ अडखळलेच. त्यांनी विंगेत पाहिलं. मी तिथेच उभी होते. तात्यांच्या मांडीवर वही, बोट बरोबर त्या ओळीवर, आणि कानाच्या पाळीवर एक सोनचाफा. अश्विनशेठ बघताहेत, तात्या बघताहेत, पेटीवाले मास्तर तोच सूर धरून बसलेत. तात्यांनी हळूच शालचं टोक डोक्यावरून घेतलं, आणि मग शब्द दिला.