सोवळ्यातून बाटलीत

ठाण्यात 'बेडेकर' म्हटलं की आधी कॉलेज आठवतं, पुण्यात मिसळ आणि गिरगावात लोणचं. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत तिन्ही पंथांची माणसं आहेत, त्यामुळे बेडेकरांचा विषय निघाला की आधी कुठले ते ठरवून घ्यावं लागतं. मी लोणच्याच्या पंथातली.

विश्वनाथ परशराम बेडेकरांनी १९१० साली गिरगावात दुकान थाटलं, ते किराणा मालाचं. लोणच्याची बाटली त्यामागून आली. मला या इतिहासात गंमत वाटते ती याच क्रमाची. मराठी घराने आपलं स्वयंपाकघर दुकानदाराच्या हवाली एका दिवसात केलेलं नाही. आधी धान्य-मसाल्याचा कच्चा माल वाण्याकडून, मग कांडलेली हळद-मिरची, मग तयार मसाला, असं हप्त्याहप्त्याने सोडत गेलं. लोणच्याचा हप्ता मात्र आमच्या घरी फार वर्षं थकला होता, कारण लोणचं सोवळ्यात होतं.

आजीचं लोणचं म्हणजे नियमांची जंत्री. बरणी उन्हात तापवून घ्यायची. कैऱ्या धुतल्या की पंचाने एकेक कोरडी करायची. फोडणी पुरती गार झाल्याशिवाय ओतायची नाही. तेल फोडींच्या वर आलंच पाहिजे. तोंडाला दादरा बांधायचा. आणि कावळा शिवलेल्या बाईची सावलीसुद्धा बरणीवर पडता कामा नये. हे सगळं ती एका दमात सांगायची, एकाच स्वरात. त्यातल्या कोणत्या नियमाने लोणचं टिकतं आणि कोणत्या नियमाने फक्त सुना दाराबाहेर राहतात, हे वेगळं काढायची सोयच नव्हती. शिवाय लोणचं दरवर्षी टिकत होतं, तेव्हा सगळेच नियम बरोबर! एखाद्या वर्षी बुरशी आलीच, तर चौकशी पाण्याच्या थेंबाची होत नसे. कोण शिवलं याची होई.

यात आजीला एकटीला धरण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये निकोला आपेर नावाचा मिठाई करणारा होता. सैन्यासाठी अन्न टिकवण्याची रीत शोधणाऱ्याला तिथल्या सरकारने १७९५ मध्ये १२,००० फ्रँकांचं बक्षीस लावलं होतं. ते या माणसाने १८१० मध्ये मिळवलं. काचेच्या बाटलीत पदार्थ भरायचा, बूच घट्ट मारायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची, एवढीच त्याची रीत. त्याच वर्षी इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं आणि कॅनिंगचा धंदा सुरू झाला. पण अन्न टिकतं कशाने, हे आपेरला ठाऊक नव्हतं. जंतूंची भानगड पाश्चरने उलगडली ती आणखी पन्नासेक वर्षांनी. म्हणजे आपेर आणि आमची आजी एकाच इयत्तेतले. फरक इतकाच की तो विकायला बसला होता. विकणाऱ्याला प्रत्येक नियमाचे पैसे पडतात, त्यामुळे बिनकामाचा नियम त्याच्याकडे फार दिवस टिकत नाही.

लोणच्याच्या कारखान्यात नेमकं हेच झालं असणार. हंगामात ओळीने बायका कैऱ्या चिरायला बसलेल्या, मुकादम काय प्रत्येकीला तारीख विचारणार? कोणी सभा घेतली नाही, ठराव केला नाही, व्याख्यानमाला तर नाहीच. विचारणं परवडणारं नव्हतं, म्हणून विचारलं गेलं नाही. मीठ राहिलं, तेल राहिलं, कोरडेपणा राहिला आणि कावळा उडाला. लोणचं काही नासलं नाही. मला तरी ही महाराष्ट्रातली एक मोठी सामाजिक सुधारणा वाटते, फक्त तिचा पुतळा कुठे नाही.

घरांनी ही सुधारणा कशी पचवली, तेही ऐकण्यासारखं आहे. आजी बाजारच्या लोणच्याला नाक मुरडायची, तरी एक बाटली घरात असायचीच. आतल्या फडताळात नाही, बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात. 'बाहेरच्या' बाईला ती चालायची, कारण ती बाटलीही बाहेरचीच. त्या चार दिवसांत माझी आई आणि काकू कोपऱ्यात बसून जेवायच्या आणि पानात ते बाटलीतलं लोणचं घ्यायच्या. आईला ते कधी आवडलं नाही. जास्त आंबट, मोहरी कमी, हिंगाचा पत्ता नाही, अशी तिची तक्रार. काकूला मात्र चटक लागली.

बाटलीतली चव निराळी लागते त्याला कारण आहे. कैरीचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा आणि दुकानात बाटली हवी बारा महिने. म्हणून कारखान्यात फोडी आधी दाट मिठाच्या पाण्यात पिंपंच्या पिंपं भरून ठेवतात. मागणी येईल तसं जास्तीचं मीठ धुऊन काढायचं, मसाला नि तेल कालवायचं आणि बाटल्या भरायच्या. थोडक्यात, त्या फोडी मुरतात त्या मिठात. आजीच्या फोडी मसाल्यातच मुरायच्या, त्यामुळे तिचा खार दाट आणि बाटलीतला जरा वरवरचा. आईची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण कैरी खारवून ठेवणं हा काही कारखान्याचा शोध नव्हे. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांची बरणी आजीकडेही असायची आणि श्रावणात ती तीच काढायची. तिथे तिला कोणी 'शिळं' म्हटलेलं मला आठवत नाही.

पिकल्या आंब्याची गोष्ट वेगळी आणि थोडी सोपी. १९९६ मध्ये फळबाजार क्रॉफर्ड मार्केटहून वाशीला आला, तेव्हापासून हापूसच्या पेट्या खाडीपलीकडे उतरतात आणि आम्ही ठाणेकर डझनाचे भाव ऐकून उसासे टाकतो. पेटीत जातो तो देखणा आंबा. लहान, डागी किंवा हंगामाच्या शेवटी राहिलेला फळाचा माल कोकणातच 'कॅनिंगला' जातो, किलोवर. आंबा मुळात आंबट, त्यात जीवघेणे जंतू वाढत नाहीत, म्हणून रसाचा डबा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर टिकतो. मासळी किंवा भाजी डब्यात घालायची तर १२१ अंशांपर्यंत, दाबाखाली तापवावी लागते. ती यंत्रं महाग. आंब्याने ती सक्ती केली नाही, म्हणून कोकणात लहानलहान कारखान्यांनाही रस डबाबंद करणं जमलं. ८५० ग्रॅमचा तो डबा दिवाळीत फोडला की वाशीच्या भावाचा राग थोडा उतरतो. डब्यातल्या रसाला मात्र आजीने कधीच हरकत घेतली नाही. रसाची बरणी आमच्याकडे नव्हतीच, त्यामुळे त्याचं सोवळंही नव्हतं.

आता सगळाच क्रम उलटा फिरलाय. जूनच्या तोंडावर जांभळी नाक्याला गेलात तर कैरीवाले मोठाले अडकित्ते घेऊन बसलेले दिसतील. राजापुरी कैरी निवडायची, तो बाठीसकट खटाखट फोडून देतो. पलीकडच्या दुकानातून कंपनीचा लोणचे मसाला घ्यायचा. घरी येऊन तेल तापवायचं, गार करायचं, कालवायचं. फोडी त्याच्या, मसाला कंपनीचा, माझं फक्त कालवणं, पण शेजारी वाटी देताना मी बिनदिक्कत सांगते की घरचं आहे. पाकिटाच्या मागे कृती छापलेली असते: कैऱ्या कोरड्या करा, बरणी कोरडी हवी, तेल पूर्ण गार करा. आजीची जंत्रीच आहे, शेवटचं कलम गाळलेली.

मागच्या वर्षी एक बरणी काकूकडे घेऊन गेले. वय झालंय, पण जीभ शाबूत आहे. तिने एक फोड चाखली, मसाला कुठला ते बरोबर ओळखलं, छान झालंय म्हणाली आणि झाकण लावून बरणी बाजूला ठेवली. जेवायला बसलो तेव्हा सुनेला म्हणाली, "अगं, ते आपलं बाटलीतलं काढ."