सिअ‍ॅटल चुकलं, तर जूनोला चढू द्या!

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं ट्रॅव्हल ऑफिस रविवारी बंद असतं, माझा फोन नसतो. दुपारी साडेचारला अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावरून, अलास्काच्या क्रूझला निघालेल्या काका-काकूंच्या मुलाचा फोन आला: सिअ‍ॅटलचं सकाळचं विमान रद्द, पुढची जागा थेट संध्याकाळच्या विमानात. तिकडे सकाळचे सात वाजले होते. अलास्काचं जहाज सिअ‍ॅटलहून दुपारी चारला सुटणार, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचारला.

आदल्या दिवशी सिअ‍ॅटलला पोचा, असं मी कोटेशनमध्येच लिहिलं होतं. विमानं मुलाने स्वतः ऑनलाइन काढली, हॉटेलची एक रात्र वाचवून. लाखांची सहल ठरवायची आणि एका रात्रीसाठी जीव टांगणीला लावायचा, हे बडोद्यात मी सारखं पाहते.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे जहाज कंपनीला कळवणं. न कळवता गैरहजर राहिलात तर नुसता पहिला दिवस जात नाही, सबंध बुकिंग रद्द धरतात. पुढच्या बंदरावर चढायचं तर लेखी परवानगी लागते, प्रवाशांच्या यादीत बंदर बदलावं लागतं, आणि तिथल्या पोर्ट एजंटला खबर जावी लागते. नुसता पासपोर्ट घेऊन धक्क्यावर उभं राहिलं तर कुणी आत घेत नाही. युरोपात हे जमतं. बार्सिलोनाला जहाज चुकलेलं एक कुटुंब मी रोमहून ट्रेनने चिविताव्हेक्किया या रोमच्या बंदराला पाठवून चढवलं होतं.

काकांनीच फोन हातात घेतला. "अगं, जूनोला विमान जातं ना? मंगळवारी जहाज तिथे असणार. आम्ही तिथेच चढतो." एम. एस. युनिव्हर्सिटीतून निवृत्त झालेला माणूस, नकाशा पाठ. जूनो ही अलास्काची राजधानी, तिला बाहेरून रस्ता नाही, विमान किंवा बोट एवढंच, हेही त्यांना ठाऊक होतं.

कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीने "पॉलिसीत बसत नाही" म्हणून विषय संपवला. कारण सांगायचे कष्टही घेतले नाहीत, आणि सत्तरीच्या माणसाला ते समजावणं माझ्यावर आलं. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाने एका अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचा नाही. मधे दूरच्या परदेशी बंदराला लागलं तरच चालतं. अलास्काला जाणारी बहुतेक मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा झेंड्यांची. जूनोला चढून सिअ‍ॅटलला उतरलात की कायदा मोडला, आणि दंड माणशी. सिअ‍ॅटलला चढून सिअ‍ॅटललाच उतरणाऱ्यांना मधे कॅनडाचं एखादं बंदर पुरतं. शेवटच्या रात्री जहाज व्हिक्टोरियाला काही तास थांबतं ते बरेचदा त्यासाठीच. काकांनी लगेच विचारलं, "मग कॅनडाचं बंदर आहे ना मधे?" आहे, पण ते जवळचं परदेश. चढण्याचं आणि उतरण्याचं बंदर वेगळं झालं की ते मोजत नाहीत.

२०२१ मध्ये कॅनडाने क्रूझ जहाजांना बंदरं बंद केली, तेव्हा अलास्काचा हंगाम वाचवायला अमेरिकेच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला. तिथे एका जोडप्यासाठी कोण काय सैल करणार? व्हिक्टोरियाला चढणं कायद्यात बसलं असतं. कॅनडाचा व्हिसाही काढलेला होता. पण ती सात रात्रींतली शेवटची रात्र.

कायदा अमेरिकन जहाजांच्या रक्षणासाठी आहे म्हणतात. अमेरिकन झेंड्याचं मोठं क्रूझ जहाज आज एकच, 'प्राइड ऑफ अमेरिका', आणि ते हवाईत फिरतं. मग अलास्कात रक्षण कुणाचं होतं? मला अजून उमगत नाही.

रात्रभर बसून मी दुसरा मार्ग काढला. अलास्का राज्याच्या सरकारी फेरी बोटी अमेरिकन झेंड्याच्या, त्यांना ही आडकाठी नाही. काका-काकू विमानाने जूनोला गेले, मेंडेनहॉल हिमनदी पाहिली, आणि दोन दिवसांनी लिन कनाल नावाच्या खाडीतून फेरीने स्कॅगवेला. काकूंना समुद्र हवा होता, तो दिवसभर मिळाला. मंगळवारी मात्र जूनोहून काकांचा फोन आला होता. "आपलं जहाज समोरच आहे गं. आपली केबिन रिकामीच असेल ना?" मी होय म्हणाले. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, आजही सुचत नाही.

विमान रद्द झाल्याचं एअरलाइनचं पत्र मुलाला काउंटर सोडण्याआधीच लेखी घ्यायला लावलं होतं, त्याच्या जोरावर विम्याचा क्लेम टाकलाय, निकाल यायचाय. मुलगा पुढच्या वर्षीचं विचारतोय. त्याला मी कॅनडातल्या व्हँकुव्हरला सुरू होऊन तिथेच संपणाऱ्या सहली दाखवल्यात. तिथे पहिलं बंदर चुकलं तरी अलास्कातल्या केचिकनला चढायला हा कायदा आड येत नाही, कंपनीने हो म्हटलं की झालं. बुकिंग मात्र आदल्या दिवशीचं विमान तिकीट बघूनच घेईन, हे स्पष्ट सांगितलंय.