आमची वाटचाल: तुंबलेल्या लाइनकडून ग्रीस ट्रॅपकडे

सुरुवातीला पुण्यातल्या हॉटेलांच्या तुंबलेल्या ड्रेनेज लाइन मोकळ्या करून देणं, एवढंच आमचं काम होतं. बोलावणं पुन्हा पुन्हा त्याच हॉटेलांतून यायचं. तिथे ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल आणि खरकटं अडवणारी टाकी, बसवलेला असायचा, पण काठोकाठ भरलेला. म्हणून आम्ही ट्रॅपच्या देखभालीची कामं घ्यायला लागलो आणि आज धंदा त्यावरच उभा आहे.

ट्रॅपमध्ये सांडपाणी थबकलं पाहिजे. तेल वर येतं, खरकटं तळाशी बसतं, मधलं पाणी टीमधून, म्हणजे T आकाराच्या पाइपातून, बाहेर पडतं. जमिनीतल्या टाकीत त्यासाठी साधारण अर्धा तास धरतात. गर्दीच्या वेळी मिनिटाला 20 लिटर पाणी येत असेल, तर टाकीत 600 लिटर मावलं पाहिजे.

तारीख बघून नाही, माप घेऊन साफ करा, हे आम्ही प्रत्येक मालकाला सांगतो. वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा हिस्सा झाला की ट्रॅप उपसायचा. खोली 60 सेंमी, थर 9, गाळ 6, म्हणजे वेळ झाली. नव्या ठिकाणी महिनाभर दर आठवड्याला माप घेतो आणि त्यावरून पाळी ठरवतो. तर्रीवाल्या मिसळीच्या हॉटेलाची पाळी इडली-डोसावाल्यापेक्षा बरीच लवकर येते.

साफसफाई रात्री, भटारखाना बंद झाल्यावर. पाणी निवलं की थर घट्ट होतो आणि सलग निघतो. नुसता थर काढून भागत नाही, तळापर्यंत उपसा करावा लागतो. मग बॅफल प्लेट, म्हणजे टाकीतल्या पाणी अडवणाऱ्या पट्ट्या, काढून खरवडायच्या, टीच्या खालच्या तोंडात ब्रश फिरवायचा, झाकणाचं गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बघायचं. वास येतो तो बहुतेक वेळा याच फाटक्या गॅस्केटमधून.

शेवटचं काम सगळ्यात जास्त चुकतं: ट्रॅप स्वच्छ गार पाण्याने आउटलेटपर्यंत भरून ठेवायचा. रिकामा सोडला तर सकाळचं पहिलं तेलकट पाणी बॅफलच्या खालून सरळ पलीकडे जातं आणि तेल थेट लाइनीत उतरतं.

कॉस्टिक आणि उकळतं पाणी ओतू नका. चरबी विरघळल्यासारखी दिसते, पण पुढच्या थंड पाइपात पुन्हा गोठते, आणि ती लाइन उघडणं ट्रॅप साफ करण्यापेक्षा महाग पडतं. कढईतलं वापरलेलं तेलही मोरीत नको. टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल स्वयंपाकातून बाद. वेगळ्या डब्यात साठवून मान्यताप्राप्त संकलकाला द्या.

मोठ्या चेंबरमध्ये आम्ही माणूस उतरवत नाही, उपसा टँकरच्या पाइपाने होतो. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि त्याचा मारा जास्त झाला की नाकाला वासच कळेनासा होतो. झाकण उघडलं की आधी हवा खेळू देतो, वाकून आत डोकावत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं, तरी यात सूट नाही.