हिरा नेमका कुठल्या दगडात असतो?

भूगर्भशास्त्र शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा ठरलेला: "मग आपल्या सह्याद्रीत का नाही सापडत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दगड दोन: किंबर्लाइट आणि लॅम्प्रोइट. दोन्ही अग्निजन्य, दोन्ही दुर्मीळ, आणि हातात घेतले तर दोन्ही निराशा करणारे. मळकट हिरवा-काळा रंग, त्यात ऑलिव्हिन या खनिजाचे गोलसर दाणे, तेही बहुतेक कुजून सर्पेंटाइन हे दुसरंच खनिज झालेले, आणि अधूनमधून अभ्रकाची चमचम. हिरा दिसणं सोडाच, टनभर दगड फोडून एखादा कॅरेट निघाला तरी खाणवाले खूश असतात.

मुळात हिरा या दगडांत तयार होतच नाही. तो दीडशे किलोमीटरहून खोल, अतिप्राचीन भूखंडांच्या बुडाशी, कितीतरी आधी तयार झालेला असतो. हे दगड ज्यापासून बनले ते वितळलेले शिलारस फक्त त्याचे हमाल. तेही घाईतले, कारण वाटेत रेंगाळले तर हिऱ्याचं ग्रॅफाइट होतं किंवा तो विरघळून जातो. सह्याद्रीच्या बेसॉल्टचा रस तेवढ्या खोलातून आलेलाच नाही.

आता दोघांतला फरक. किंबर्लाइटच्या रसात कार्बन डायऑक्साइड भरपूर, त्यामुळे दगडाच्या बारीक भागात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, असतं. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बऱ्याचदा फसफसतो. लॅम्प्रोइटमध्ये पोटॅशियमची रेलचेल, ल्युसाइटसारखी खनिजं, मूळचं कॅल्साइट जवळपास नाहीच. पण थेंबावर पैज लावू नका. नंतर झिरपलेल्या पाण्यानं आणलेलं कॅल्साइटही तसंच फसफसतं. खरा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली आणि रासायनिक पृथक्करणात होतो.

दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला 1871 मध्ये हिऱ्यांची झुंबड उडाली आणि गावावरून दगडाचं नाव पडलं. पुढे शंभर वर्षं हिरे शोधायचे म्हणजे किंबर्लाइट शोधायचा, असं समीकरणच झालं. 1979 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात अर्गाइलचा पाइप (शिलारस वर आला ती, दगडानं भरलेली उभी नळी) सापडला आणि तो निघाला लॅम्प्रोइट! तिथले बहुतेक हिरे तपकिरी आणि किरकोळ, पण मूठभर गुलाबी हिऱ्यांनी खाणीचं नाव केलं. 2020 मध्ये ती बंद झाली.

मला मात्र जास्त आवडतो तो आपल्या मध्य प्रदेशातल्या पन्नाजवळचा मझगवाँचा पाइप. कोणी त्याला किंबर्लाइट म्हटलं, कोणी लॅम्प्रोइट, आणि शेवटी काहींनी वैतागून दोन्ही नको म्हणत गावाचंच नाव सुचवलं. निसर्गाला आपल्या चौकटी माहीत नसतात हे विद्यार्थ्यांना पटवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आणि सह्याद्रीवाल्यांसाठी एक गंमत. छत्तीसगडमध्ये गरियाबंद भागातल्या काही हिरेवाहू पाइपांचं वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं भरलंय. म्हणजे दख्खनवर लाव्हाचे थरावर थर चढत होते, साधारण त्याच काळात पूर्वेला दुसरा, कितीतरी खोलातला रस हिरे घेऊन वर येत होता. तिथली जमीन प्राचीन भूखंडाची, बूड जाड. आपल्याच गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद तर 'आईन-ए-अकबरी'त आहे. तेव्हा महाराष्ट्रात हिरे नाहीत असं कोणी म्हणालं तर खुशाल वाद घाला. फक्त घाटात हातोडी घेऊन जाऊ नका.